नुसतं डोकं बदलायचं

शनिवार होता. अमेरिकेतल्या सेलम गावावर अजून विलायतेच्या राजाचा अंमल होता, आणि शनिवारी घरोघरी घेवडा शिजायचाच. जेरुशानं घेवड्यात काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून मडकं भट्टीत सरकवलं, तेवढ्यात तिच्या वडिलांची, कॅप्टन विगिनची, हाक आली.

"जेरुशा, तुझ्या आईचं चित्र भिंतीवरून खाली काढ. चित्रकार आलेत."

पोरगी हरखली. आईला जाऊन वर्ष झालं होतं. मरताना आई म्हणाली होती, "माझं चित्र जेरुशाला द्या." कॅप्टननं तिचा हात धरून, पाद्र्यासमोर, "दिलं" म्हटलं होतं. आता जेरुशाचं लग्न महिन्यावर आलेलं. बाबा चित्र साफ करून देणार, असंच तिला वाटलं. आईचा चेहरा दुसरीकडे होता तरी कुठे? तिनं चौकट पुसली आणि स्वतःच्या हातांनी चित्र खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

पाहुण्यासाठी सफरचंदाची दारू घेऊन ती परतली, तर निळा झगा तसाच होता, मांडीवरचे हात तसेच. मानेच्या वर मात्र सगळं खरवडलेलं. समोर खुर्चीत केझिया बसली होती, कॅप्टनची नवी बायको.

जेरुशाच्या हातातला पेला खाली पडला.

"घाबरू नका, बाईसाहेब," चित्रकार चाकू पुसत म्हणाला. "निम्म्या गावातल्या बायका मी ह्याच झग्यात रंगवल्यात. विलायतेच्या छापील चित्रावरून उचललाय. झगा झकास जमलाय, नुसतं डोकं बदलायचं."

"बाबा, तुम्ही आईला शब्द दिला होता!"

"मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं? आणि तिचं होतं काय गं, द्यायला? लग्न झालेल्या बाईचं जे असेल ते नवऱ्याचं. कायदाच आहे तसा."

जेरुशा केझियाकडे वळली. केझिया आईची मावसबहीण. सहा महिने तिनंच आईची सेवा केली होती.

"मावशी, तू होतीस ना तिथे? ऐकलंस ना? सांग ना गं त्यांना!"

केझियानं मान खाली घातली. "तुझ्या बाबांची मर्जी, बाळ," ती पुटपुटली, आणि चित्रकारानं सांगितली होती तेवढी हनुवटी पुन्हा वर उचलली.

काय म्हणावं ह्या बाईला! पण तिच्या डोक्यावरचं छप्परही त्याच माणसाचं होतं, हेही विसरून चालत नाही.

जेरुशा तडक आपल्या होणाऱ्या नवऱ्याच्या, आसाच्या, दुकानात गेली. तो पिंपं बनवायचा. पोरगा भला होता, तिच्यावर जीव टाकणारा.

"आसा, लग्नानंतर मी मरायला टेकले आणि माझी एखादी वस्तू लेकीला दिली, तर तिला मिळेल?"

"मी देईन की! शब्द देतो."

"तू दिलीस तर मिळेल. माझ्या हक्कानं मिळेल का?"

आसानं हातोडा खाली ठेवला. "तसं... कायद्यानं नाही मिळणार."

"शब्द तर बाबांनीही दिला होता रे!" ती रडत म्हणाली.

प्रार्थनाघराच्या दारावर दोघांच्या लग्नाची जाहीर सूचना लावलेली होती. भरदुपारी, चारचौघांदेखत, तिनं तो कागद ओढून काढला.

कॅप्टन धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? जन्मभर बिनलग्नाची राहशील! लोक थुंकतील तोंडावर!"

"थुंकू देत, बाबा," जेरुशा म्हणाली. "आईला तुम्ही खरवडून काढलंत. मला खरवडायचा हक्क मी कुणाला देणार नाही."