आत्याचं कुलूप

तेलाच्या पंपघराच्या फाटकात हातगाडी थांबली तेव्हा गाडीवरची सूनबाई कण्हत होती आणि तिचा नवरा, म्हणजे आत्याचा भाचा, आत्यावर खेकसत होता.

"आत्या, तुला काही कळतं का? ते परदेशी सैनिक उतरणार इस्पितळाच्या पुलापाशी, आणि तू हिला गावाच्या दुसऱ्याच टोकाला आणलंस!"

"आधी गादीला हात लाव," आत्या म्हणाली. "माझी अक्कल मग काढ."

आईबापांमागे आत्यानेच त्याला वाढवलं होतं, म्हणून तो ओरडला तरी ऐकायचा. दोघांनी मिळून सूनबाईला आत नेऊन भिंतीशी निजवलं. पोर पोटात आडवं आलं होतं. सुईणीने सकाळीच हात टेकले होते आणि ऑपरेशनशिवाय दोघांचंही खरं नाही असं सांगितलं होतं. इस्पितळ नदीपलीकडे होतं आणि पुलावर सरकारी फौजेचे रणगाडे उभे होते. उठाव सुरू झाल्यापासून त्यांनी पलीकडे एकही आजारी माणूस जाऊ दिला नव्हता.

परदेशी रेडिओ सकाळपासून घसा खरवडून सांगत होता, निरपराध नागरिकांच्या रक्षणासाठी आम्ही येत आहोत. उठावाच्या समितीत असलेला भाचा तर हवेत होता. आत्याचे पाय मात्र जमिनीवरच होते. फौजेने बाजारात गोळ्या घातल्या तेव्हा याच परदेशी लोकांनी चिंता व्यक्त केली होती. इस्पितळ कोंडलं तेव्हा तीव्र चिंता व्यक्त केली. मग आत्यासकट पंपघरातल्या सगळ्या कामगारांनी संप केला, बंदराकडे जाणारं तेल थांबलं, आणि लगेच त्यांची जहाजं किनाऱ्यावर दिसू लागली. त्यांच्या विमानांनी छावणी उडवली, रेल्वेचं गोदाम उडवलं, बेकरीच्या काचाही फोडल्या, पण पंपघराच्या पत्र्याला ओरखडा नाही. एवढ्यावरून ज्याला समजत नाही त्याने खुशाल पुलाकडे बघत बसावं, असं तिचं मत होतं.

"आधी इथेच येतील," ती म्हणाली.

"तुला सगळ्यांचाच संशय!"

तेवढ्यात खिडक्या थरथरल्या. पंपघराच्या पटांगणात धुरळा उडवत हेलिकॉप्टरं उतरली.

सैनिक फाटकावर, टाक्यांवर, छपरावर पसरले. मग एक अधिकारी आत आला. सोबत एक दुभाषी आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक वार्ताहर. अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवून नमस्कारासारखं काहीतरी केलं. वार्ताहराने सूनबाईचं पोट, भाच्याचे पाणावलेले डोळे, सगळं टिपलं.

"साहेब म्हणतात, आता घाबरू नका," दुभाषी म्हणाला. "आणि साहेब विचारतात, पंप कोण सुरू करतं?"

आत्या उठून पंपाच्या खटक्यापाशी गेली. खटक्यावर लाल रंगाचं कुलूप होतं. पंपघराची रीतच तशी होती. जो पंप बंद करेल त्याने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवायची. एका फिटरचा हात आत असताना कुणीतरी पंप चालू केला होता, तेव्हापासून साक्षात मोठे साहेब आले तरी दुसऱ्याच्या कुलपाला कुणी शिवत नसे. संपाच्या दिवशी पंप आत्याने बंद केला होता.

"मी करते," ती म्हणाली. "आधी माझ्या सुनेला इस्पितळात पोचवा."

अधिकारी हसून लगेच हो म्हणाला. हेलिकॉप्टर तर रिकामंच उभं होतं! आत्याला वाटलं, इतकं सोपं होतं तर इतके दिवस माणसं का मेली? भाचा अधिकाऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून रडला आणि सूनबाईबरोबर चढला. वार्ताहर तेही टिपत राहिला.

हेलिकॉप्टर नदीकडे वळल्यावर दुभाष्याने खटक्याकडे बोट दाखवलं. आत्या जागची हलली नाही.

"आता पुलावरचे रणगाडे काढा. बाकीच्यांनाही इस्पितळ लागतं."

अधिकाऱ्याचं हसू मावळलं. "साहेब म्हणतात, तुम्ही शब्द दिला होता."

"तुम्हीही दिलात. सकाळपासून रेडिओवर ऐकतेय."

"साहेब म्हणतात, कुलूप तोडता येतं."

"तोडा की! पुढे लाइनीवर संपवाल्यांनी कुठे कुठे झडपा बंद केल्यात, ते त्यांनाच ठाऊक. पंप चालू केलात की पाइप फुटेल. मग बसा रस्त्यावरचं तेल पुसत."

अधिकारी दुभाष्याच्या कानाशी लागला. दुभाष्याने मान खाली घातली, आणि बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"साहेब म्हणतात, हेलिकॉप्टर अजून हवेत आहे."

या जगात ती दोन पोरंच तिची होती, आणि दोघंही त्यांच्या ताब्यात. किल्ली देऊन टाकावी, असं तिच्या मनात आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. तिने खांब धरला. मग तिची नजर वार्ताहराकडे गेली.

"परत बोलवा," ती म्हणाली. "आणि या भाऊंना पुन्हा फोटो काढायला सांगा. चढताना काढलाच आहे, आता उतरवतानाचाही काढू दे."

वार्ताहराला भाषा कळत नव्हती, पण आपल्याविषयी चाललंय एवढं त्याला समजलं आणि त्याने कॅमेरा खांद्यावर चढवला. अधिकारी त्याच्याकडे बघत राहिला. नंतर बाहेर जाऊन बराच वेळ वायरलेसवर बोलला.

दुपार कलली तेव्हा परदेशी विमानं नदीकडे गेली, धडधड ऐकू आली आणि पुलावरून धूर उठला. फाटकासमोरच्या रस्त्याने माणसं धावू लागली. कुणी जखमींना पाठुंगळी घेतलं होतं, कुणी दार उखडून त्यावर म्हातारी निजवली होती. सगळी पुलाकडे निघाली होती. पूल खरंच मोकळा झाला, हे तिने चौघांकडून वदवून घेतलं. संपवाल्यांना निरोप धाडून झडपा उघडवल्या आणि मगच किल्ली फिरवली. पंप घरघरला. सैनिकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी भाचा धावतच आला. "मुलगी झाली, आत्या! दोघी सुखरूप आहेत! बघ, मी म्हणत होतो ना? आले ना आपल्यासाठी?"

फाटकावर, टाक्यांवर, छपरावर सैनिक सकाळी होते तसेच उभे होते. त्याचा चेहरा इतका उजळला होता की तिला खरं सांगवेना.

"आले रे बाबा," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिच्या दुसऱ्या हातातलं लाल कुलूप त्याला दिसलं. "हे कशाला घेऊन चाललीस? आता काय काम त्याचं?"

आत्याने कुलूप पदराच्या टोकाशी बांधलं आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"राहू दे जवळ. हे लोक जायचं नाव घेणार नाहीत, तेव्हा लागेल."