डाग म्हणे! कुंकू आहे ते

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, असं माझ्या खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी म्हणते. मित्रांनो, त्या चिठ्ठीवर काडीचाही विश्वास ठेवू नका. माझ्या सुईनं आजवर एक धड टाका घातलेला नाही, मग मी जुनी कशी झाले? माझ्याबद्दल खोटं लिहिलंय, म्हणून आज बोलणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. अंग पांढरंशुभ्र, पोटात छोटी मोटर, पायाशी पेडल. दिसायला मी देखणी, खोटं कशाला बोलू! पण जिथे बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ, बसते तिथला हूक कुणीतरी घाईघाईत वाकडा बसवला. त्यामुळे सुई खाली जायची, पण खालचा दोरा काही वर यायचा नाही. तपासणाऱ्यानं मला चालवून न बघताच 'ओके'चा शिक्का मारला. माझं व्यंग हे असं जन्माचं आहे. त्यात माझा दोष नाही, आणि जिच्या घरी मी गेले तिचा तर नाहीच नाही.

तिचं नाव उषाबाई. सुरतेत कोसाडच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मूळची खानदेशातली. नवरा पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला होता. तो वारला तेव्हा मुलगी नूतन शाळेत जायची. तेव्हापासून उषाबाई मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणते आणि घरी बसून त्यांना लेस लावते. तिची पायानं चालवायची मशीन कुरकुरायला लागली, त्याआधीच तिचे गुडघे कुरकुरत होते. म्हणून भिशी लागली तशी नूतननं मोबाइलवरून मला मागवलं. 'पसंत नसेल तर परत करा, पूर्ण पैसे मिळतील' असं तिथे लिहिलेलं होतं. ते वाचूनच उषाबाई हो म्हणाली.

मित्रांनो, या लोकांची एक रीत आहे. फ्रिज येवो, पंखा येवो, नाहीतर पोरीची सायकल येवो, नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळद-कुंकू लावायचं, मग वापरायला घ्यायची. मला टेबलावर ठेवलं तेव्हा उषाबाईची जाऊ मंगलाबाई तिथे होती. ती हळूच म्हणाली, "नूतनला लावू दे ना गं. तू कशाला?" विधवेनं कुंकवाला हात लावू नये, असं तिला सुचवायचं होतं.

उषाबाईचा चेहरा लालबुंद झाला. राग आला की ती अहिराणीवर येते, आणि तिथे 'माझं'चं 'मनं' होतं. "पैसा मना, काम मनं, मशीन मनी. मंग कुकू बी मनाच हातनं!" तिनं बोटं ओली केली आणि माझ्या पांढऱ्या कपाळावर आधी हळद, मग कुंकू लावलं.  नवरा गेला त्या दिवशी बायकांनी तिला मध्ये बसवून तिचं कुंकू पुसलं होतं. त्यानंतर तिच्या बोटाला कुंकू लागलं ते थेट मला लावताना. मला काय वाटलं म्हणून सांगू! कारखान्यात मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि इथे माझ्यासाठी एक बाई भांडली होती.

आणि मी काय केलं? तिला तोंडघशी पाडलं. तिनं चिंधी घातली, पेडल दाबलं, मी नुसती घरघरले. दोरा बदलून झाला, सुई बदलून झाली. टाका काही पडेना. शेवटी नूतननं मला परत न्यायला कळवलं.

न्यायला कंपनीचा माणूस आला, हेमराज. चाळिशीचा, घामाघूम झालेला, साधा माणूस. त्यानं सगळ्या बाजूंनी माझे फोटो काढले. कपाळाचा फोटो निघाला आणि त्याच्या मोबाइलवर लाल अक्षरं उमटली. 'डाग आहे. वस्तू वापरलेली. निम्मे पैसे कापले जातील.' खाली खोकं फाडल्याची वेगळी कपात होती.

"खोकं न फाडता मशीन बाहेर कशी काढायची? जादूनं?" नूतन कडाडली.

"ताई, मी नाही हो कापत, हा मोबाइल कापतो," हेमराज म्हणाला. "डाग नाही असं मी लिहिलं आणि गोदामात त्यांना दिसला, तर माझ्या पगारातून पैसे जातील. असं करा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मी फोटो परत काढतो. पूर्ण पैसे येतील, झंझट खतम."

बिचाऱ्यानं भल्यासाठीच सांगितलं. नूतन धावत जाऊन फडकं घेऊन आली. ते माझ्या कपाळापर्यंत पोचलं, तेवढ्यात उषाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ठेव ते फडकं."

"आई, निम्मे पैसे जातील! दुसरी मशीन कशी घ्यायची मग?"

"एकदा माझं कुंकू लोकांनी पुसलं. मी खाली मान घालून पुसू दिलं. आता माझ्या हातानं लावलेलं माझ्याच हातानं पुसू? कशासाठी, तर मी खरी आहे हे दाखवायला? नही पुसस, जा!"

दारात शेजारच्या रंभाबाई येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही बौद्ध. आमच्यात असं कुंकू लावत नाहीत. पण या बाईनं मशीन वापरून खराब केली असं लिहाल, तर ते धडधडीत खोटं आहे. का हो भाऊ, तो आतला हूक काय कुंकवानं वाकडा झाला?"

हेमराजनं मोबाइल खिशात टाकला. तो मला न घेताच जिना उतरून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. टेबलावर मी ऐटीत बसलेली, आणि कोपऱ्यात उषाबाई त्या कुरकुरत्या मशीनवर पाय मारतेय. गुडघ्यांना तेल चोळायची आणि पुन्हा बसायची. साड्या उशिरा पोचल्या म्हणून मार्केटवाल्यानं पुढचा गठ्ठा दुसरीला दिला. मला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा राग जास्त यायचा. नूतन मात्र गप्प बसली नाही. मी टाका सोडते त्याचा व्हिडिओ काढून तिनं ग्राहक तक्रार केंद्राकडे पाठवला. मग कंपनीचा फोन आला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, निम्मे घ्या आणि विषय मिटवा ना."

उषाबाईनं फोन आपल्या हातात घेतला. "भाऊ, तुमच्या घरी नवी गाडी आली तर काय करता?"

"पूजा करतो, मावशी."

"मग ती त्याच दिवशी जुनी होते का?"

"वरच्यांना विचारतो, मावशी," म्हणून त्यानं फोन ठेवला.  चार-पाच दिवसांनी निरोप आला की पूर्ण पैसे मिळतील, काहीही कापलं जाणार नाही. नूतन घरभर नाचली. उषाबाई तिथेच भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

हेमराज मला न्यायला पुन्हा आला. त्यानं मला उचलायला हात पुढे केले, तर उषाबाई म्हणाली, "थांब. ती तशीच नाही जायची." तिनं हळद-कुंकवाची कोयरी आणली. घरातून लेक निघाली की लावतात तसं मला पुन्हा हळद-कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. हेमराजनं हसत हसत त्याचाही फोटो काढला.

आता मी गोदामात आहे. इथे माझ्या खोक्यावर 'जुनी, डागाळलेली' अशी चिठ्ठी लावली आहे. एक माणूस फडकं आणि बाटली घेऊन फिरतो, परत आलेला माल पुसतो आणि पुन्हा विकायला काढतो. मित्रांनो, वस्तू घेतलीत तर तिला जपा. पण तिच्यासाठी लढायची वेळ आली तर लढासुद्धा. ती आधीपासूनच बिघडलेली असेल तर तसं ठणकावून सांगा. निम्म्यावर गप्प बसू नका. आणि तुमच्या आईच्या हातच्या खुणेला कुणी डाग म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे अडवा.

माझं म्हणाल, तर माझा हूक कुणीतरी सरळ करा, एवढंच. मग बघा कशी भराभर लेस लावून दाखवते. तो फडकंवाला शेजारच्या फळीपर्यंत आलाय. येऊ दे. उषाबाईनं दोनदा लावलंय, सहजासहजी निघायचं नाही.