डबी वाजली त्या घरी

पोळा होऊन आठवडा झाला होता. मनसाराम तलावाच्या पाळीवर जाळं सांधत बसला होता. जाळं सांधताना दुसरं टोक ताणून धरायला कोणीतरी लागतं. त्याची बायको देवका होती तेव्हा ती धरायची. आता ते टोक त्यानं पळसाच्या बुंध्याला बांधलं होतं. त्याच झाडाखाली गोधडीवर त्याची तीन वर्षांची दामिनी निजली होती. कालपासून तिचं अंग तापलं होतं. सकाळी मुखरू पुजाऱ्यानं तिच्या कपाळाला राख लावली, गळ्यात काळा दोरा बांधला आणि उतरेल म्हणून सांगितलं.

धाकटा भाऊ लच्छू पाळीवर चढून आला.

"दादा, दुपारी सभा हाय, देवळापुढं. तुले बोला लागते."

"काय बोला लागते?"

"खरं तेच. डबी वाजली अन् वहिनी गेली. मंग इंदुबाईले गाव सोडा लागन. सारे तुह्याच तोंडाकडं पाहून राह्यले."

लच्छू बोलताना जाळ्याकडे पाहत होता, भावाकडे नाही. हे मनसारामला हल्ली रोज दिसत होतं.

डबी म्हणजे इंदुताईची मशीन. इंदुताई त्यांच्याच मासेमार ढिवर समाजातली विधवा. तालुक्याच्या एका संस्थेनं तिला गावाची आरोग्यबाई नेमलं होतं. ती घरोघर जाऊन गरोदर बाया, लहान लेकरं आणि म्हातारी माणसं पाहायची, आणि जे दिसेल ते तळहाताएवढ्या मशीनवरच्या चित्रांना लेखणीसारखी काडी टेकवून नोंदवायची. नोंद धोक्याची निघाली की मशीन वाजायची. आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. एका म्हाताऱ्याच्या घरी ती वाजली, म्हातारा गेला. एका बाळंतिणीच्या खाटेशी वाजली, लेकरू गेलं. माघात ती देवकाच्या घरी वाजली. देवकाला सातवा महिना होता. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले आणि पोटातल्या लेकरासकट ती गेली.

मनसाराम तेव्हा आंध्रात मिरची तोडायला गेला होता. तो परतला तोवर चितेची राख थंड झाली होती. त्याला जे कळलं ते लच्छूच्या तोंडून आणि मुखरूच्या तोंडून. देवकाला बाहेरची बाधा होती, डबीनं ती आणली, असं दोघांचं म्हणणं होतं. विधवा बाई आणि तिच्या हातात वाजणारी वस्तू. गावाला आणखी पुरावा लागत नव्हता. लोक तिला पाहून दारं लावू लागले. कोणी म्हणायचं, तिनं बकरीकडं पाहिलं तरी दूध आटते.

लच्छू गेला आणि थोड्या वेळानं इंदुताईच पाळीवरून येताना दिसली. खांद्याला पिशवी होती. मनसाराम उठून लेकीच्या आणि तिच्या मधे उभा राहिला.

"तिथीच थांब, इंदुबाई."

"थांबली, भाऊ." ती थांबली. मग तिची नजर त्याच्या पायामागे गेली. "पोट्टीचा श्वास पाह्य. बरगड्या आत ओढून राह्यल्या. सदरा वर कर, मी दुरूनच पाहते. हात नाई लावत."

"अन् ते वाजलं त?"

"वाजलं त बरं होईन."

"बरं होईन? माह्या घरात एकदा वाजलं, काय बरं झालं? जाय इथून."

ती गेली. पण तिनं सांगितलेलं त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला लेकीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

दुपारी घरी कोणी नव्हतं म्हणून तो दामिनीला खांद्यावर टाकून सभेला आला. देवळापुढं गाव जमलं होतं. इंदुताई एका कडेला बसली होती. तिच्यापाशी प्रफुल उभा होता. नागपूरचा हा पोरगा त्या संस्थेत कामाला होता. मशीनमधलं सगळं त्यानंच बसवलं होतं. दर महिन्याला मोटारसायकलवर येऊन तो नोंदी उतरवून न्यायचा. आज कोणीतरी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली होती.

मुखरू पुजारी देवळाच्या पायरीवर बसला होता. "आमी कोणाले मारत नाई. कोणाचं वाईट पण पाह्यत नाई. बाईनं डबी अन् गठुडं घेऊन गाव सोडावं, एवढंच. मनसाराम, बोल. ज्याचं गेलं त्यानंच बोलावं."

"अहो, ते यंत्र आहे," प्रफुल म्हणाला. "ते कुणाला मारत नाही. धोका असला तरच वाजतं."

"मंग धोका नसला त काऊन गप राह्यते?" मागून एक म्हातारी ओरडली. "चांगलं काई त्याले दिसतच नाई का?"

लोक हसले. प्रफुल ओशाळला. "बॅटरी वाचावी म्हणून तसं ठेवलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला.

मनसारामच्या कानाशी दामिनीचा श्वास कण्हल्यासारखा वाजत होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो सगळ्यांकडे पाहत होता. मुखरूवर त्याचा विश्वास नव्हता. सकाळचा दोरा गळ्यात होता आणि ताप चढतच होता. इंदुताईवर नव्हता. या शहरातल्या पोरावर तर नव्हताच.

"मी बोलन," तो म्हणाला. "पण पह्यले मले पाह्याचं हाय. लोकाच्या सांगण्यावरून किती दिवस बोलू? मुखरूभाऊ, तुमच्या नातवाले बसवा. त्याच्यावर डबी लावू दे. चांगलं धडधाकट लेकरू हाय, नाई वाजाची."

मुखरूनं शेजारी खेळणाऱ्या नातवाला ओढून मांडीवर घेतलं. "काऊन, बावा? माह्याच लेकरावर काऊन?"

"भेव वाटते?"

"भेव मले कायचं? पण नाई म्हणजे नाई."

मनसारामनं दामिनीला देवळाच्या ओट्यावर निजवलं. "मंग माह्या पोरीवर लावा. सायेब, डबी तुमच्या हातात घ्या. इंदुबाई, तू दुरूनच सांग. अन् काय दिसते ते मले दाखवा."

इंदुताईनं जागेवरूनच सांगितलं. प्रफुलनं श्वास मोजला, पोटाकडे पाहिलं, एकेका चित्राला काडी टेकवली. मशीन वाजली. लोक दोन पावलं मागं सरले. कोणीतरी "अगे माय" म्हणालं. लच्छूनं डोळे मिटले.

मनसाराम हलला नाही. त्यानं मशीन हातात घेतली. काचेवर लाल चौकट होती आणि तिच्यात एक चित्र. त्याला अक्षर येत नव्हतं, पण चित्राला अक्षर लागत नाही.

"ही जीप हाय."

"हो," प्रफुल म्हणाला. "म्हणजे गाडी बोलवा, आजच दवाखान्यात न्या."

"जवा जवा वाजते तवा हेच दिसते?"

"दरवेळी हेच."

"देवकाच्या घरी वाजलं तवा?"

"तेव्हाही हेच दिसलं असणार."

मनसारामनं इंदुताईकडे पाहिलं. ती उठली होती. "तिचे पाय सुजले होते, भाऊ. डोकं फुटून राह्यलं, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणे. मी लच्छूले हे चित्र दाखवलं. म्हटलं, जीप कर, चामोर्शीच्या दवाखान्यात ने. मुखरूभाऊ म्हणे, बाहेरचं हाय, रात्रभर मंत्रानं झाडा लागते. मी वापस आली त मले दारातून हाकललं."

"लच्छू." मनसाराम आवाज न चढवता बोलला. "तुले जीप दिसली होती?"

लच्छूनं जमिनीकडे पाहतच होकाराची मान हलवली.

तलावाच्या पाळीवर तो भावाच्या तोंडाकडे का पाहत नव्हता, ते आता मनसारामला कळलं. सात महिने आपण ज्या बाईला शिव्या देत होतो, तिचं ऐकून घेत नव्हतो, तिच्या तोंडात ती जीप तेवढा वेळ अडकून पडली होती.

"सायेब," तो प्रफुलला म्हणाला, "तुमच्या डबीचा आवाज साऱ्या गल्लीले ऐकू येते. अन् जीप एकट्या बाईले दिसते. आमाले फक्त भेव ऐकू आलं."

प्रफुलनं मशीन परत घेतली आणि ती लाल चौकट पुन्हा पाहिली.

मनसारामनं लेकीच्या गळ्यातला दोरा तोडून पायरीवर ठेवला. "ऐका माही साक्ष. माह्या बायकोले डबीनं नाई मारलं, इंदुबाईनं बी नाई. ज्यायनं जीप येऊ देली नाई त्यायनं मारलं. त्याच्यात माह्या घरचा माणूस हाय, हे बी ऐका. आता चावी द्या."

"पोट्टी गेली त आमच्याकडं नको येऊ," मुखरू म्हणाला.

"नाई येत."

चावी कोणाकडे होती ते कळलं नाही, पण ती ओट्यावर येऊन पडली. प्रफुलच्या मागं मनसाराम बसला, त्याच्या मागं इंदुताई, आणि मधे दामिनी. चामोर्शीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लेकीच्या नाकाला नळी लावली. रात्र काढली तर बरी होईल, असं ते म्हणाले. तिनं रात्र काढली.

दामिनी घरी आली तेव्हा इंदुताईच्या अंगणातला चुलीचा ओटा कोणीतरी फोडून ठेवला होता. मनसारामनं माती कालवून तो पुन्हा लिंपला. त्या दिवशी त्याला मदतीला कोणी आलं नाही.

दिवाळीआधी प्रफुल पुन्हा आला. आता मशीन निरोगी घरातही बोलणार होती आणि धोक्याच्या घरात नुसती वाजणार नव्हती. त्यासाठी त्याला गावचा आवाज हवा होता. इंदुताई म्हणाली, "माह्या आवाजानं दारं लागतीन." म्हणून मनसाराम मशीनसमोर बसला आणि मासे विकताना ओरडतो तसा, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला.

पुढं माघात लच्छूच्या गरोदर बायकोचे पाय सुजले. इंदुताई तिला पाहायला आत गेली. मनसाराम अंगणात उभा राहिला. भावाच्या उंबऱ्याच्या आत तो सभेपासून गेला नव्हता. आतून त्याचाच आवाज बाहेर आला, शेजारच्या चार घरांनी ऐकला. "जीप बोलवा. आजच न्या. झाडू नका, थांबू नका."

मनसाराम दाराकडे पाहत राहिला.

लच्छू बाहेर आला. त्यानं पायांत चपला घातल्या आणि कोणाकडे न पाहता जिथं जीपा थांबतात त्या रस्त्याकडे निघाला.

मनसाराम त्याच्या मागं मागं गेला. मुखरूच्या घराकडे वळणारी वाट मधे लागत होती. ती ओलांडून भाऊ सरळ पुढं गेला, हे डोळ्यांनी पाहीपर्यंत तो चालत राहिला.