अकरा नंबरच्या खिळ्यावरची कात्री

मी जुनी कात्री आहे, हे वेगळं सांगायला नको. माझी टोकं बोथट झाली आहेत, अंगावर तपकिरी डाग पडले आहेत आणि मधला स्क्रू सैल आहे. मित्रांनो, तुम्ही मला कागद कापायलासुद्धा घेणार नाही. तरी जरा बसा. माझ्या नावावर एक खोटं चिकटलं आहे आणि ते मला कुणाला तरी सांगायचं आहे.

कारखान्यातून पन्नास बहिणींसोबत एका खोक्यात बसून मी आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात आले. इथल्या पठारावर औषधासाठी गांजा पिकवतात, सरकारी परवान्याचा. एप्रिलमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, हवा गार झाली की कापणी सुरू होते आणि लांबलचक शेडमध्ये पांढरे कोट घातलेल्या बायका दोघी-दोघी एका टेबलाला बसतात. प्रत्येकीच्या कात्रीला भिंतीवर एक खिळा असतो. मला अकरा नंबरच्या खिळ्यावर टांगलं आणि त्या नंबरची बाई होती मापुलाने.

काय हात होता तिचा! फुलाला लागून असलेली बारीक पिठूळ पानं मी अशी छाटत असे की फुलाचा एक कण सांडत नसे. मुकादम मोखेथीबाबा इतर बायकांना आमच्या टेबलापाशी आणून उभं करत आणि म्हणत, "बघा आणि शिका." मापुलाने वर न बघता म्हणे, "बघून येत असतं तर बाबा, तुम्हीच नसतात का बसला इथं?" सगळं शेड हसे. मी तिच्या हातात असे, म्हणून ते हसू मलाही माझंच वाटे.

चौथ्या हंगामात तिनं आपल्या मेलेल्या बहिणीची मुलगी आणली, मोसा. ही पोर तिच्याच घरात वाढलेली. तिला बारा नंबरचा खिळा मिळाला आणि आमच्याच टेबलाला जागा. मापुलानेनं तिला सगळं शिकवलं, अगदी हात धरून.

"केस पांढरे आहेत ना फुलावर? मग हात मागे. तांबूस झाले की भिंग लाव. फुलावरचे दाणे पाण्यासारखे दिसले तर कच्चं, दुधासारखे दिसले तर आजच काप, मधाचा रंग चढला तर तू झोपली होतीस असं समज."

"आणि मोठी पानं?"

"ती आधीच काढायची, फांदी टांगायच्या आधी, हातानं, देठाशी. मग फांदी उलटी टांगून वाळू दे. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे, नुसती लवली तर परत टांग. कात्रीचं काम त्यानंतर. अगं, फूल फिरव, कात्री काय फिरवतेस? बोकडाची लोकर काढतेयस का?"

मोसा भराभर शिकली. तिची नजर तर मावशीपेक्षा तेज निघाली. दूध कुठं संपलं आणि मध कुठं सुरू झाला, हे तिला भिंगातून लगेच कळे. आठव्या हंगामात मोखेथीबाबांनी सांगून टाकलं की यंदापासून कापणीचा दिवस मोसा ठरवेल, भिंग तिच्या गळ्यात राहील. हंगाम संपल्यावर कागद होणार होता. वर्षभराचं पक्कं काम, फक्त कापणीपुरतं नाही. ती पोर त्या दिवशी जेवलीच नाही, नुसती गात बसली होती.

आता माझ्या अपराधाकडं येते. अपराध माझाच म्हटला गेला, म्हणून तसं म्हणते.

गांजाचा चीक फार वाईट चिकटतो. दर तासाला आम्हाला शेडमधल्या स्पिरिटनं पुसायचं, दुसरं काहीही लावायचं नाही, असा नियम होता. रुग्णाच्या पोटात जाणारी वस्तू, तिथं चेष्टा चालत नाही. पण स्पिरिटनं बायकांचे हात भेगाळत. मापुलानेचं माहेर लोकर कापणाऱ्यांचं. तिकडं कात्री अडखळली की मेंढीच्या शेपटीची चरबी लावतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्या हंगामात तिनं अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटच्या घडीत चरबीची एक छोटी डबी आणली. बोटाचं टोक बुडवायचं, माझ्या पात्यांवरून फिरवायचं, झालं. मी लोण्यातून चालल्यासारखी चालू लागले. खरं सांगते, मला ते आवडलं. मला काय ठाऊक की ती चरबी फुलांवर उतरते आहे.

मोसानं एकदा पाहिलं. "मावशी, हे चालतं का गं?"

"तुझ्या आजीनं अख्खं आयुष्य हेच केलं. मेली का कुणी मेंढी?"

पंधरा दिवसांनी राजधानीतल्या प्रयोगशाळेतून आमच्या टेबलाच्या मालाचं पिंप परत आलं. औषधात जनावराची चरबी सापडली होती. मोखेथीबाबा पिंपाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "टेबल एक, कात्र्या दोन. जेवण उरकलं की दोन्ही तपासणार. जिच्या कात्रीला चरबी, ती घरी. परत या फाटकातून आत नाही."

दुपार होती. बायका बाहेर उन्हात पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, आणि भाजी घेऊन बसल्या. मोसा त्यांच्यातच होती, पण तिच्या तोंडातून मावशीचं नाव निघालं नाही. मापुलाने आत आली. शेड रिकामं होतं. तिनं मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, आता ही मला स्पिरिटनं घासून काढेल. पण स्क्रूच्या आत शिरलेली चरबी पुसून निघत नाही, हे तिलाही माहीत होतं. तिनं बारा नंबरच्या खिळ्यावरची कात्री काढली, मला तिथं टांगलं आणि ती कात्री अकरा नंबरवर लावली. ज्या सफाईनं ती फूल सोलायची, त्याच सफाईनं तिनं हे केलं.

मित्रांनो, मला जीभ असती तर त्या दिवशी मी शेड डोक्यावर घेतलं असतं.

मोखेथीबाबांनी मला उघडलं, स्क्रूपाशी नाक नेलं आणि मोसाकडं पाहिलं. मोसानं मला हातात घेतलं. तिच्या अंगठ्याला तेव्हाच कळलं. आठ वर्षं दुसऱ्याच अंगठ्यानं झिजवलेली कडी होती ती. तिनं मावशीकडं बघितलं. मापुलाने जमिनीकडं बघत होती.

"काही बोलायचंय?" बाबांनी विचारलं.

आमच्याकडं चार लोकांत वडीलधाऱ्या बाईला खोटारडी म्हणत नाहीत, आणि जिनं घास भरवला तिला तर नाहीच. मोसा म्हणाली, "नाही, बाबा." भिंग गळ्यातून काढून तिनं टेबलावर ठेवलं. ही कात्री आता आमच्या कामाची नाही, घेऊन जा, असं बाबा म्हणाले. अशी मी तिच्यासोबत फाटकाबाहेर पडले.

मोसा मावशीकडं परतली नाही, मेलेल्या आईच्या घरात राहू लागली. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मापुलाने मक्याच्या पिठाची पिशवी घेऊन मोसाच्या दारात आली. हवापाण्याचं बोलली, आपल्या मुलीच्या, पुलानेच्या खोकल्याचं बोलली. मोसानं ऐकून घेतलं आणि मग मला आणून चटईवर तिच्यासमोर ठेवलं.

"मावशी, ही तुझी कात्री. इथं तिसरं कुणी नाही. मी कुणाला सांगणार नाही. नुसतं मला सांग."

मापुलानेनं मला उचललं. तिचा अंगठा नेमका झिजलेल्या जागी जाऊन बसला. सवयीप्रमाणं तिनं मला दोनदा उघडलं, मिटलं. आता म्हणेल, मला वाटलं. आठ हंगामांची सोबत, एवढं तर म्हणेलच. तिनं मला खाली ठेवलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

मोसानं मला उचलून खिडकीत ठेवलं. मग म्हणाली, "बरं. आलीच आहेस तर जेवून जा."

मी आता मोसाच्या खिडकीत पडून असते. गंजतेही आहे. मला पुसा, परत धार लावा, असं मागणं करायला मी बोलत नाही, मित्रांनो. लोखंड आहे, गंजणारच. मागणं एवढंच आहे, की ज्या हातानं काम करून घेतलंत, त्या हातानं चार माणसांत आम्हाला उचला आणि म्हणा, ही माझी.