लाल रेघ

दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. करमाडच्या शिवारात हिरवी अशी एकच जागा उरली होती, ओढ्याकाठची पंचवीस पावलांची ओली पट्टी. पलीकडचा माळ शेंद्र्याच्या कंपन्यांच्या कुंपणात गेला, म्हणून चार कळपांची मेंढरं रोज त्याच पट्टीवर तोंड खुपसायची. तिथंच चरायची आणि तिथंच लेंड्या टाकायची. लेंड्यांतून जंत गवतावर चढायचे, गवतातून पुन्हा पोटात जायचे.

दहावीतली प्रांजली ही मुंजाबाची नात, आणि घरात लेबल वाचता येणारी ती एकटीच. दोन वर्षांपूर्वी जंताचं औषध कमी पडलं, तेव्हा म्हाताऱ्यानं तिच्यापुढे बाटली ठेवली. मेंढपाळांच्या तळावर एकाचं औषध ते सगळ्यांचं, ही त्याची जन्माची रीत.

"बाटली एक, कळप चार. अर्ध्यात भागव, बाय. शेजारच्या धोंडिबाची मेंढरं काय वाऱ्यावर सोडायची?"

वजनाप्रमाणे पुरी मात्रा द्या, असं लेबलावर छापलं होतं. तिनं ते वाचलंही होतं. तरी बिनसुईच्या सिरिंजवर, बरोबर अर्ध्यावर, नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ती मोकळी झाली. म्हातारा कोण खूश झाला! भेटेल त्याला नातीची हुशारी सांगत सुटला. मग दर दोन महिन्यांनी, चारही कळपांना, त्याच रेघेपर्यंत औषध जाऊ लागलं.

यंदा मात्र औषध लागूच पडेना. मेंढरांच्या जबड्याखाली पाणी साचून पिशव्या लोंबायला लागल्या. तीन मेंढ्या गेल्या. प्रांजलीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली चांदी गाभण होती, आणि तीही बसून राहायला लागली. मुंजाबानं नवी बाटली आणली, या खेपेला पुरी मात्रा पाजली. दहा दिवस झाले, फरक नाही.

त्या दिवशी शाळेत बद्रीनाथ सरांनी कपाशीवरच्या बोंडअळीचं उदाहरण दिलं. "फवारा मारला, शंभरातल्या नव्वद अळ्या मेल्या. दहा का वाचल्या? त्या मुळातच जरा वेगळ्या होत्या. औषधानं त्यांना बदललं नाही, फक्त निवडलं. आता पुढची सगळी पिल्लं त्या दहांचीच. आईबापांचा चिवटपणा घेऊनच जन्मणार."

वर्ग वहीत उतरवून घेत होता. प्रांजलीचा हात थांबला.

घरी येताच तिनं दप्तर टाकलं आणि चांदीची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच, पांढरीफटक. जंतांनी रक्त पिऊन घेतलं होतं.

"आबा, औषध खोटं नाय," ती म्हणाली. "अर्ध्या मात्रेनं आपण नाजूक जंत मारले अन् चिवट तेवढे पाळले. दोन वर्षं त्यांचीच पैदास केली. मी केली."

मुंजाबानं चांदीच्या पाठीवर हात फिरवला. "मंग आता?"

"डॉक्टरला इचारून दुसऱ्या जातीचं औषध. वजन करून, पुरं. अन् ती सिरिंज आधी मोडून टाकते. कुठंय?"

"ती व्हय? धोंडिबाला दिली." म्हाताऱ्याची नजर खाली गेली. "चाऱ्यापायी पैठणकडं गेला नव्हं कळप घेऊन? म्हनला, वाटंत लागंल."

तिनं घाईघाईनं फोन लावला. पलीकडे मेंढरांचा कालवा होता आणि धोंडिबा खुशीत होता.

"कोन, प्रांजली? लई पुन्य लागंल बघ तुला! हितं गोदाकाठाला चौदा कळप उतरल्यात. माझ्यापाशी चार बाटल्या, त्यातच सगळ्यांचं भागवलं. कुनाला थेंबभर जास्त नाय, तुझ्या रेघेपर्यंतच!"

"काका, ऐका—"

"उद्या समदे पांगनार. कुनी बीडकडं, कुनी नगरकडं. सिरिंज एकच, म्हनून परत्येकानं आपापल्या सिरिंजवर तशीच लाल रेघ मारून घेतली."