ज्याचा हात मला लागलाच नाही

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. आरशाची नव्हे आणि खिडकीची तर मुळीच नव्हे. बॉयलरच्या अंगावर दोन पितळी तोट्यांच्या मध्ये उभी बसवलेली, नळीसारखी लांबट काच. बॉयलरच्या लोखंडी पोटात पाणी किती उरलंय हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? माझ्याकडे बघून! आत पाणी उतरलं की माझ्यात उतरतं, चढलं की माझ्यात चढतं. काम म्हटलं तर एवढंसं, पण त्याच्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. गवतात गुंडाळून, खोक्यात भरून मी बंगळूरला आले. माझ्या बहिणी गिरण्यांत गेल्या. मला मात्र बसवनगुडीतल्या एका कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका ठेंगण्या बॉयलरवर बसवलं. बॉयलर चालवायचा तर सरकारी दाखला लागतो आणि त्या दाखल्याची परीक्षा या शेडमध्ये होई. थोडे प्रश्न तोंडी आणि मग उमेदवार माझ्यापुढे उभा. भलेभले बोलघेवडे माझ्यापुढे आले की घाम पुसू लागत. मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू!

पण आमच्या जातीत एक खोड आहे, ती तुम्हाला आधी सांगायला हवी. बंगळूरच्या विहिरींचं पाणी जड. त्याचा खार माझ्या खालच्या वाटेत साचतो आणि वाट तुंबते. मग आत पाणी आटलं तरी माझ्यातलं तसंच उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी भरपूर आहे. म्हणून रोज निचऱ्याची तोटी उघडून, वाफेच्या जोरानं आतला खार बाहेर काढून, मला फुंकून घ्यावं लागतं. वरची वाफेची वाट मोकळी आहे का, खालची पाण्याची मोकळी आहे का, दोन्ही बघायचं. निचरा बंद केल्यावर पाणी झटकन वर आलं तर मी खरी. खऱ्या काचेतलं पाणी जरा जरा हलत असतं. अगदी गप्प उभं राहिलेलं पाणी दिसलं की समजावं, काहीतरी बिनसलं आहे.

परीक्षा घ्यायला भगवंतराव होते. बेळगावकडचे, घरी मराठी, कचेरीत कानडी, आणि दोन्हीकडे सारखेच कडक. त्यांचा एक बाणा होता. उमेदवाराच्या तोंडाकडे ते बघत नसत. मान खाली, नजर फक्त हातांवर. "तोंड बघितलं की तो गाववाला निघतो, कुणाचा मेहुणा निघतो, आणि मन ओढ घेतं," असं ते शिपायाला सांगत. "हात बघावेत. हाताला नातं नसतं." त्यांच्यापुढे कुणाची चिठ्ठीचपाटी कधी चालली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

मीही माणसं हातांवरूनच ओळखते. त्यातला एक हात मी कधी विसरणार नाही. भगवंतराव येण्यापूर्वीची गोष्ट. निपाणीकडचा विठोजी नावाचा गडी परीक्षेला आला होता. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा गुळगुळीत वण. त्यानं तोटीवर हात ठेवला आणि साहेबाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाला, "काय अक्का, बरी हाईस न्हवं? स्वल्प संभाळून घे गं." बाई गं! इतकी वर्षं लोकांनी मला पिळलं, पुसलं, शिव्या घातल्या. अक्का कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं मला असं फुंकलं की माझ्या अंगातला कण न् कण मोकळा झाला. तो पास झाला आणि एका रेशीमगिरणीत लागला.

पुढे काही वर्षांनी, साठ-एकसष्टच्या सुमारास, परीक्षेच्या दिवशी शिपायानं नाव पुकारलं, "भीमसेन!" उमेदवार पुढे आला. तोटीवर हात पडला आणि मी दचकले. तोच वण! तोच अंगठा! हा विठोजी होता, अहो, माझा विठोजी! पण या खेपेला तो मला काही बोलला नाही. हाताला घाम सुटला होता. काम मात्र तसंच, लोण्यासारखं. भगवंतराव हातांकडे बघत राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "शाब्बास, भीमसेन! अशा हातात बॉयलर दिला की गिरणीनं निर्धास्त झोपावं."

मी काच. मला वाचा कुठली? माझ्यातलं पाणी तेवढं हिंदकळलं आणि ते कुणी पाहिलं नाही.

दिवस गेले. एका दुपारी भगवंतरावांनी शेडमध्ये एक गाठोडं आणवलं आणि माझ्यासमोरच्या टेबलावर सोडलं. त्यात माझी एक बहीण होती. काच फुटून गेलेली, पितळी तोट्या काळ्याठिक्कर आणि खालच्या वाटेत पांढरा खार गच्च बसलेला. ती गावाबाहेरच्या एका गिरणीतून आली होती. तिथला बॉयलर सकाळच्या पाळीत फाटला होता. आत पाणी आटलं होतं, काच मात्र भरलेली दिसत होती, आणि ती कुणी फुंकून पाहिलीच नव्हती. बॉयलरवाला जागीच गेला. त्याचं नाव भीमसेन.

भगवंतराव त्या खाराकडे बघत बसले. "एवढा तयार पोरगा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हे कसं विसरला?"

तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. "साहेब, जरा बोलायचं होतं."

भगवंतरावांनी सवयीनं मान वर केली नाही. "कोण आपण?"

"साहेब, आज तोंड बघा माझं."

भगवंतरावांनी पाहिलं. दाढी वाढलेला, डोळे सुजलेला माणूस. त्यानं पुढे येऊन उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. तो वण पाहताच भगवंतराव खुर्चीतून उठले. "भीमसेन? अरे, तू तर..."

"भीमसेन गेला, साहेब. मी त्याचा थोरला भाऊ, विठोजी. त्या दिवशी हितं मीच हुतो."

"तो कुठं होता?"

"भायेर, फाटकापाशी. आत यायला त्याला धीर हुईना. ह्या खेपेला दाखला न्हाई मिळाला तर नोकरी दुसऱ्याला जाणार हुती. वडलांच्या मागं मीच वाढवला त्याला. मी म्हटलं, आण तुझं परीक्षेचं तिकीट, तू थांब, मी जाऊन येतो."

"आणि मग?"

"मग शिकवणार हुतो की. उद्या शिकवू, उद्या शिकवू म्हणत ऱ्हायलो. दाखला बघून गिरणीवाल्यांना वाटलं, याला येतंय. पुढं पुढं त्यालाबी तसंच वाटाय लागलं, साहेब." विठोजीनं त्या काळ्या तोटीवर बोट ठेवलं. "आई म्हणती, भीमाला परीक्षेत एवढी शाबासकी मिळाली हुती, मग असं कसं झालं? तिला काय सांगू?"

भगवंतराव मटकन खाली बसले.  मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. तुम्ही जे सांगितलंत ते वर कळवावं लागेल. तुमचा दाखला जाईल."

"जाऊ द्या. त्यासाठीच आलोय."

"आणि मी..." भगवंतरावांनी डोळे मिटले. "कुणाची भीड पडू नये म्हणून मी तोंडं बघितली नाहीत. तुम्ही समोर उभे होतात आणि मी त्याचं नाव घेऊन तुम्हाला शाबासकी दिली."

त्यानंतर शेडमधली रीत बदलली. उमेदवारानं आपल्याबरोबर काम केलेला एक जाणता माणूस ओळखीला आणायचा. माझ्यापुढे उभं राहायच्या आधी अंगठ्याचा ठसा द्यायचा आणि दाखला हातात घेताना पुन्हा द्यायचा. भगवंतराव प्रत्येकाचं तोंड आता नीट न्याहाळून बघतात. पोरं कुरकुरतात, "चोर समजता का आम्हाला?" ते म्हणतात, "नाही रे बाबा. तूच तू आहेस ना, एवढंच बघतो." माझी फुटकी बहीण अजून समोरच्या फळीवर आहे. शेड रिकामी झाली की ती माझ्याकडे बघतेय असं मला वाटतं, आणि मला नजर फिरवायला जागा नसते.

विठोजी आता एका लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो. पण परीक्षेच्या दिवशी तो फाटकापाशी येऊन उभा राहतोच. कुणी घाबरलेला पोरगा दिसला की त्याच्याशी चार शब्द बोलतो, आणि सोबतच्या भावाला नाही तर काकाला बाजूला घेऊन काहीतरी सांगतो. परीक्षा आटोपली, सगळे पांगले, की भगवंतराव त्याला आत येऊ देतात आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहतात.

मग तो माझ्यापाशी येतो. निचऱ्याच्या तोटीवर हात ठेवतो आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून हळूच म्हणतो, "भीमा, हात दे हिकडं. आधी ही तोटी उघड. भिऊ नगोस, अक्का कुणाला चावत न्हाई. हां, आता वाफेची वाट बघ. आता पाण्याची. बघ, पाणी कसं वर आलं! जमलं की रे तुला!"

आणि मित्रांनो, तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, त्या वेळी त्याच्या ऊबदार हाताखाली मला आणखी एक हात जाणवतो. थंडगार, भित्रा, शिकाऊ. ज्याला माझ्यावरच्या परीक्षेचा दाखला मिळाला आणि ज्याचा हात मला जिवंतपणी एकदाही लागला नाही, त्याचा. माझ्यातलं पाणी थरथरतं. विठोजी ते बघतो आणि तोंड फिरवून रडतो.

म्हणून माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसावर माया करा, खूप करा. तो घाबरला तर त्याचा हात धरून त्याला शिकवा, नापास झाला तर पुन्हा शिकवा. पण त्याच्या जागी आपला हात पुढे करू नका. विठोजी आता दर परीक्षेला शिकवायला येतो. शिकणारा तेवढा उरला नाही.