उशिराचे तुकडे

आमच्या स्टेशनात मी सत्तावीस वर्षं माईकवर बोलले. चौदा फलाट, दिवसाला तीनशेच्या वर गाड्या, आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याची वर्दी माझ्या तोंडून. हमाल मला मैना म्हणायचे. बाहेरच्या लोकांना वाटायचं, यंत्रच बोलतंय. एकदा मला माईकवर शिंक आली, तर सहा नंबरवरच्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या होत्या.

एवढ्या मोठ्या स्टेशनात ज्याची त्याची युक्ती असते. हमाल ओझं पेटीकडे बघून ओळखत नाहीत, पेटी धरणाऱ्याच्या खांद्याकडे बघून ओळखतात. झाडूवाल्या बायका नुसत्या कचऱ्यावरून सांगतात, आत्ता कुठली गाडी गेली. तशी आमच्या खोलीतली युक्ती म्हणजे उशिराचे तुकडे पाडणं. गाडी तीन तास उशिरा आहे हे वरून कळलं, तरी तोंडाने तीन तास म्हणायचं नाही. पंधरा मिनिटं म्हणायचं. ती संपली की आणखी पंधरा. मला हे शिकवलं नोंदकाकांनी. ते माझ्या शेजारच्या टेबलावर नोंदवही लिहायचे, म्हणून नोंदकाका.

"तीन तास सांगितलेस की हजार माणसं खिडकीवर चाल करून येतात," ते म्हणाले होते. "पंधरा मिनिटं सांग. तेच हजारजण बाकावर गुपचूप बसून राहतात. पंधरा मिनिटांसाठी कोण भांडतंय?"

वहीत मात्र नियमाप्रमाणे लिहायचं: इतक्या वाजता संदेश आला, तीन तासांचा उशीर जाहीर केला. वही साहेबांकडे जायची आणि आवाज फलाटावर जायचा. दोघांची गाठ कधी पडत नसे.

खरं सांगायचं तर मला ही युक्ती आवडायची. आवाजात थोडी दिलगिरी, थोडी आशा, असं मिश्रण मला झकास जमायचं. वेळ मारून नेण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आठ बेचाळीसला फोन आला. आठ पंचावन्नच्या गाडीचं इंजिन वाटेत बंद पडलंय, दुसरं इंजिन लांबून यायचंय, पुरते तीन तास लागतील. नोंदकाकांनी ते वहीत उतरवलं. मी माईक ओढला आणि पंधरा मिनिटं म्हणाले.

चौकशीची खिडकी आमच्याच खोलीला होती. चौकशीवाली चहाला गेली की खिडकी मी बघायची. थोड्याच वेळात एक माणूस खिडकीशी आला. पन्नाशीचा असेल. गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिली होती. काम अर्धं टाकून धावत आला असावा.

"मॅडम, नक्की पंधराच मिनिटं ना?" त्याने विचारलं. "नाहीतर बाहेरून सव्वानऊची बस आहे. मला घाई आहे."

आता, स्टेशनवर घाई नसलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यातल्या एकाला खरं सांगितलं की तो चौघांना सांगतो आणि मग खिडकीवर जत्रा जमते. मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"बसा हो," मी म्हटलं. "येईलच आता."

तो बसला. फोन तेव्हा सगळ्यांकडे होते, पण गाडी कुठे आहे हे फोनवर दिसण्याचे दिवस अजून यायचे होते. लोकांना जे काही कळायचं ते माझ्याकडूनच. मी ठरलेल्या वेळाने पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत गेले, गाडी बारा वाजता आली, आणि मी घरून आणलेला डबा उघडला.

दोन महिन्यांनी तो पुन्हा खिडकीशी आला. टेप नव्हती, पण मी ओळखलं. त्याने काचेखालून एक कागद सरकवला. आमच्याच वहीतला उतारा होता, वर साहेबांचा शिक्का.

"मॅडम, हे जरा वाचा. इथे लिहिलंय, आठ बेचाळीसला तीन तास जाहीर केले. मी तर पंधरा मिनिटं ऐकलं. बारा वेळा ऐकलं. का माझं डोकं फिरलंय?"

तो खालच्या आवाजात सांगत होता. त्याची आई बहिणीकडे होती, शेवटचं चाललेलं. बहिणीने सकाळी फोन करून बोलावलं. सव्वानऊची बस धरली असती तर तो पावणेअकराला पोचला असता. आई साडेअकराला गेली.

"बहीण म्हणते, तुला यायचंच नव्हतं. बस दारात उभी असताना कोणी तीन तास बसून राहतं का? मी म्हटलं, थांब, पुरावाच आणतो. अर्ज करून हा कागद मीच मिळवला आणि मीच तिच्या हातात ठेवला." तो कसंनुसं हसला. "तेव्हापासून तिने मला दार बंद केलंय. म्हणते, आईच्या मरणावर खोटं बोललास. तुम्ही फक्त एवढं सांगा, त्या दिवशी काय सांगितलं होतं?"

मागे नोंदकाका खाकरले.

"वहीत आहे तेच खरं," मी म्हणाले.

त्याने कागदाची नीट घडी केली आणि मला नमस्कार करून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मला काही सुचेना. इतकी वर्षं मी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता, तो आता ऐकू यायला लागला. एके संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, जेवायला किती वेळ आहे गं, आणि मी म्हटलं, पंधरा मिनिटं. तिथेच ओट्याशी मला रडू फुटलं. नवरा बिचारा घाबरला. म्हणाला, एवढी काही भूक नाहीये मला.

मी नोंदकाकांना सांगितलं की त्या माणसाला जाऊन भेटणार.

"तुझ्या नोकरीची आठ वर्षं राहिलीत," ते म्हणाले. "कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेस? आणि त्याची आई काय परत येणार आहे?"

"आई नाही येणार. बहीण येईल."

त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ पेन पुसत बसले. मग उताऱ्यासाठी आलेल्या त्याच्या अर्जावरचा दुकानाचा पत्ता स्वतःच चिठ्ठीवर उतरवून माझ्यासमोर ठेवला.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री, खिळ्यांना टांगलेले अर्धवट कपडे. तो एक बाही शिवत होता. मी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पळून गेले असते.

मशीन थांबलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी खिडकीशी येऊन विचारलं, तेव्हासुद्धा?"

"हो. तीन तास आहेत हे माहीत होतं."

मान खाली घालून त्याने ती बाही शेवटपर्यंत शिवली आणि धागा तोडला.

"मला वाटायचं, तुम्हालाही कळत नसेल," तो म्हणाला. "मनाची तेवढीच समजूत घातली होती मी."

मी लिहून आणलेला, सही केलेला कागद पुढे केला. त्याने तो घेतला नाही. खिशातून फोन काढून बहिणीला लावला. पलीकडून तुटक आवाज आला, "आता काय?"

"एक बाई आल्यात. त्यांचं ऐक," एवढं म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. तुमच्या भावाने काही लपवलं नाही. तीन तास फक्त वहीत लिहिले होते. माईकवर मी पंधरा मिनिटंच सांगत होते. तो मला येऊन विचारूनही गेला होता, बसने जाऊ का म्हणून. मीच त्याला बसवून ठेवलं.



"दादाने त्या दिवशी दहा फोन केले मला," ती म्हणाली. आवाज वेगळाच झाला होता. "दर वेळी पंधरा मिनिटं म्हणाला. मी आईच्या कानाशी वाकून तेच सांगत होते. आई, पंधरा मिनिटं, दादा आलाच. तिला खूप दुखत होतं हो. नर्स दोनदा इंजेक्शन घेऊन आली, झोप लागेल म्हणाली. आईने दोन्ही वेळा हात मागे ओढला. म्हणाली, पंधरा मिनिटांचाच तर प्रश्न आहे, तेवढं सोसते, तो येईल तेव्हा मी झोपलेली नको."



"तुम्ही तीन तास म्हणाला असतात," ती पुढे म्हणाली, "तर मी तिला झोपू तरी दिलं असतं."

मी फोन धरून उभी होते. माफ करा म्हणायचं ठरवून आले होते, पण ते म्हणायची मला लाज वाटली.

"दादाला द्या," ती म्हणाली.

मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "हं, बोल गं." मग बराच वेळ तो नुसतं ऐकत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. मी निघते म्हणाले. दोघांपैकी कोणीच मला काही म्हणालं नाही.